तिसऱ्या थरातला दगड

फ्लिंटला मराठीत काय म्हणतात, असे शब्दकोशाला विचारले तर तो ‘गारगोटी’ किंवा ‘चकमकीचा दगड’ असे सांगतो. दोन्ही शब्द आपल्या घरातले. आगपेटी गावोगाव पोचण्याआधी चिलीम ओढणारा माणूस बटव्यात तीन वस्तू बाळगायचा: पोलादाचा छोटा तुकडा, नदीत सापडलेली गारगोटी आणि सावरीचा कापूस. पोलाद गारगोटीवर झटक्याने घासले की ठिणग्या झडत आणि कापूस धुमसू लागे. या साऱ्याचे नाव चकमक. शब्द मूळचा तुर्की. तुर्कस्तानात आजही सिगारेट पेटवायच्या लायटरला ‘चाक्माक’ म्हणतात. ठिणगी दगडातून निघते असे पाहणाऱ्याला वाटते, पण जळते ते लोखंड. दगड पोलादापेक्षा कठीण असतो, तो पोलादाचा बारीक कीस खरवडून काढतो आणि तापलेला कीस हवेत पेट घेतो. दगडाचे काम एवढेच की कठीण असायचे आणि धारदार असायचे. माणसाला या दगडाचे वेड लागले ते त्या धारेपायी, चकमकीच्या कितीतरी लाख वर्षे आधी.

‘गारगोटी’ या शब्दाने मात्र एक घोटाळा होतो. घोड नदीच्या पात्रात सापडते ती गारगोटी आणि भूवैज्ञानिक ज्याला फ्लिंट म्हणतात तो दगड, ही भावंडे सख्खी नव्हेत, चुलत आहेत. रक्त दोघांचे एकच. ते म्हणजे सिलिका, वाळूतल्या क्वार्ट्‌झचेच द्रव्य. पण कण इतके बारीक की डोळ्यांना दिसतच नाहीत. कठीणपणाही सारखा, मोह्सच्या मोजपट्टीवर ७ च्या आसपास. फरक आहे तो जन्माचा. आपली गारगोटी लाव्हाच्या खडकातल्या पोकळीत जन्मली आणि फ्लिंट समुद्राच्या तळाशी.

तो समुद्र आज नकाशावर शोधून सापडायचा नाही. साधारण १० कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी इंग्लंड, उत्तर फ्रान्स, बेल्जियम, डेन्मार्क आणि पोलंड यांचा बराच भाग त्याच्या पाण्याखाली होता. त्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांची चुन्याची कवचे तळाशी साचत गेली आणि त्यांचा मऊ, पांढरा, बोटांना लागणारा खडक झाला. हाच मूळचा खडू. त्याच तळावर स्पंज वाढत होते. त्यांच्या अंगात काचेसारख्या सिलिकाच्या सुया असतात. स्पंज मेले, सुया गाळात विरघळल्या आणि ते सिलिका गाळातून झिरपत पुन्हा एकवटून घट्ट झाले. ते एकवटले बहुतेक वेळा झिंग्यांच्या जातभाईंनी गाळात पोखरलेल्या बिळांमध्ये. फ्लिंटचे गोटे हाडांसारखे, बोटांसारखे, फाटे फुटलेल्या मुळांसारखे वेडेवाकडे का असतात, याचे उत्तर इथे आहे. आपण हातात धरतो ते कुठल्याशा प्राण्याच्या बिळाचे ओतीव रूप असते. बाहेर खडूची पांढरी साल, आत काळा किंवा गडद करडा, काचेसारखा तुकतुकीत गर.

समुद्रतळावर हे एका पातळीला होत असल्यामुळे फ्लिंट थरांत सापडतो. डोव्हरचे कडे, नॉर्मंडीतले एत्रेताचे कडे, डेन्मार्कमधला स्टेव्हन्स क्लिंट, सगळीकडे पांढऱ्या भिंतीवर काळ्या गोट्यांच्या आडव्या ओळी दिसतात. लाटांनी कडा खचला की खडू पाण्यात विरून जातो आणि फ्लिंट किनाऱ्यावर उरतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे गोट्यांचे पट्टे असेच तयार झाले. नद्यांनी तो वाहून नेला. हिमयुगातल्या बर्फाने तर तो बाल्टिकच्या प्रदेशातून जर्मनी आणि पोलंडच्या मैदानात आणून टाकला. बर्फ दक्षिणेला कुठवर आला होता हे ठरवायला तिथले भूवैज्ञानिक या आगंतुक फ्लिंटच्या शेवटच्या खड्यांची रेघ काढतात.

इतका दगड किनाऱ्यावर, नदीत, शेतात पडलेला असताना माणसे तो मिळवायला जमिनीत उतरली. का उतरली, हा या साऱ्या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे.

फ्लिंटवर घाव घातला की घावाचा जोर दगडातून लाटेसारखा पसरतो आणि शिंपल्याच्या आकाराचा छिलका सुटून येतो. त्याची कड नव्या ब्लेडसारखी असते. ही लाट सरळ जायची तर दगड आतून एकसंध हवा. उघड्यावर पडलेल्या गोट्याने हजारो हिवाळे सोसलेले असतात. त्याच्यात पाणी शिरते, गोठते, फुगते आणि आत न दिसणाऱ्या चिरा पडतात. अशा गोट्यावर घाव घातला की तो भलतीकडेच फुटतो आणि दिवसभराची मेहनत वाया जाते. कुंभाराकडून मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून घेतो, तसाच दगड घडवणाराही गोटा वाजवून घेतो. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर टाकून द्यायचा. छोटा चाकू, बाणाचे टोक यांना किनाऱ्यावरचा गोटा चालून जातो. पण झाडे तोडायची कुऱ्हाड करायची असेल तर मोठा, निर्दोष, जमिनीच्या पोटातला ताजा दगडच लागतो.

हे माणसाला केव्हा कळले? आपण समजतो त्याच्या फार आधी. आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांच्या माऱ्याने उघड्यावरच्या दगडात बेरिलियम-१० नावाचे द्रव्य अगदी सूक्ष्म प्रमाणात तयार होत राहते. काही मीटर खोल पुरलेल्या दगडापर्यंत हा मारा पोचत नाही, म्हणून तिथे ते जवळजवळ नसते. इस्रायलमधल्या ताबून आणि केसेम या गुहांतल्या हत्यारांची अशी तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. ताबूनच्या जुन्या थरातल्या कित्येक हत्यारांचा दगड दोन मीटर किंवा त्याहून खोलातला निघाला. ही हत्यारे तीन-चार लाख वर्षांपूर्वीची. म्हणजे आपल्या जातीची माणसे अजून पूर्णपणे घडायची होती, तेव्हाच कोणीतरी वरचा दगड बाजूला सारून खालचा शोधत होते. इजिप्तमध्ये नाईलच्या काठी नाझलेत खातेर इथे तर ३० हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसांनी चर्टसाठी खड्डे आणि भुयारे खणली. चर्ट हे फ्लिंटच्या कुळाचे व्यापक नाव. खडूत सापडतो तो फ्लिंट, इतर चुनखडकांत सापडतो तो चर्ट, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

खोल जाण्याचे शास्त्र पुरते उमलले ते शेती करणाऱ्या माणसाच्या हातून. त्याला कुऱ्हाडी हव्या होत्या. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात, ब्रँडन गावाच्या जवळ, एका माळावर शेकडो उथळ खळगे आहेत. या जागेला ग्राइम्स ग्रेव्ह्‌ज म्हणतात. ‘ग्रिम’ हे जुन्या सॅक्सन लोकांच्या वोडेन देवाचे एक नाव. एवढे खड्डे माणसाने खणले असतील यावर विश्वास न बसल्याने लोकांनी ते देवाच्या नावावर घातले. १८६८ ते १८७० या काळात कॅनन विल्यम ग्रीनवेल या पाद्र्याने त्यातला एक खळगा उपसायला घेतला. उपसता उपसता तो जवळजवळ १२ मीटर खाली गेला आणि कळले की ही बुजवलेली विहीर आहे. तळाशी चहूबाजूंना भुयारे फुटली आहेत. आज तिथे अशा ४३३ विहिरी आणि खड्डे मोजलेले आहेत. त्यांचा काळ सुमारे इ.स.पू. २६५० पासून पुढची तीनेक शतके, म्हणजे सिंधूकाठी मोहेंजोदडो भरात होते तोच.

या विहिरीत उतरणाऱ्या माणसाला आधी फ्लिंटचा एक थर लागतो. फार पुढच्या काळातले ब्रँडनचे खाणकामगार त्याला ‘टॉपस्टोन’ म्हणत. विहीर तिथे थांबत नाही. त्याखाली दुसरा थर लागतो, ‘वॉलस्टोन’. तिथेही ती थांबत नाही. त्याच्याही खाली, विहिरीच्या तळाशी, ‘फ्लोअरस्टोन’. मोठाल्या सपाट गोट्यांचा, काळाभोर, तुकतुकीत. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी वरचे दोन थर ओलांडले, खणताना हाती आले तेवढे घेतले आणि तिसऱ्या थराला पोचल्यावर मग आडवी भुयारे काढली. लोखंड नव्हते, तांबेही त्यांच्या हाती आले नव्हते. मोठ्या विहिरीतून २,००० टन खडू उपसावा लागला असेल आणि त्याला वीस माणसांना पाचेक महिने लागले असतील, असा अंदाज आहे. विहीर खणणारा कोणीही सांगेल की खाली पाणी आहे याची खात्री नसेल तर एवढा घाम कोणी गाळत नाही. त्यांना खात्री होती. जमिनीखाली दहा-बारा मीटरवर काय आहे, कोणत्या क्रमाने आहे आणि त्यातले काय घ्यावे, हे त्यांना पाठ होते. या ज्ञानाला भूविज्ञान म्हणण्यात मला काहीच अडचण वाटत नाही.

खणायचे हत्यार होते तांबड्या हरणाचे शिंग. आपल्याकडचे सांबर जसे दरवर्षी शिंगे गाळते तसाच हा प्राणी. रानात गळून पडलेली शिंगे गोळा करायची, एक फाटा ठेवून बाकीचे मोडायचे की टिकाव तयार. खडूच्या भेगेत तो टोचायचा आणि पहारीसारखा दाबून ढेकूळ उचकटायचे. ग्रीनवेलला एका भुयारात छत कोसळलेले आढळले. ते बाजूला केल्यावर मागे शिंगांचे टिकाव होते तसे पडलेले होते आणि त्यांच्यावर वाळलेल्या खडूच्या लेपात कामगाराच्या बोटांचे ठसे उमटलेले होते. एका संध्याकाळी काम थांबवून कोणीतरी वर गेले, रात्री छत खचले आणि ती बोटे पुन्हा त्या टिकावाला लागली नाहीत. मी या विषयावर जे काही वाचले त्यात या ठशांइतके मनात रुतून बसलेले दुसरे काही नाही.

त्याच परिसरात चार हजारांहून अधिक वर्षांनी पुन्हा फ्लिंटच्या विहिरी खणल्या गेल्या, या वेळी बंदुकांसाठी. मराठ्यांच्या फौजेत बराच काळ तोड्याची बंदूक होती. पेटता तोडा टेकवून दारू पेटवायची. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या काळापर्यंत गारेची बंदूक रुजली होती. तिच्या घोड्यात फ्लिंटचा चौकोनी खडा बसवलेला असे. चाप ओढला की तो पोलादावर आदळून ठिणगी पाडी. उत्तरेत तिला पथरकला म्हणत. असा खडा काही डझन बारांनंतर बोथट होतो, म्हणून सैन्याला ते सतत आणि मुबलक लागत. नेपोलियनशी चाललेल्या लढायांत इंग्रजी फौजेचे खडे मुख्यतः ब्रँडनहून जात. टोपीची बंदूक आल्यावर युरोपातली मागणी ओसरली, तरी आफ्रिकेकडे हे खडे विसाव्या शतकातही जात राहिले.

ब्रँडनच्या लिंगहीथ माळावरच्या या खाणींचे बारकाईने वर्णन सिडनी स्कर्चली या भूवैज्ञानिकाने १८७९ मध्ये लिहून ठेवले. एकेकटा माणूस मेणबत्तीच्या उजेडात खणायचा. विहीर सरळ न खणता टप्प्याटप्प्याने वळवत न्यायची आणि दगड एका टप्प्यावरून दुसऱ्यावर उचलत वर चढवायचा. फ्लोअरस्टोनसाठीच हा सारा खटाटोप. थरांची वर दिलेली नावे याच लोकांची. स्कर्चलीला वाटले की शिंगाच्या टिकावापासून यांच्या एकटोकी लोखंडी टिकावापर्यंत धंदा अखंड चालत आला आहे. नंतरच्या संशोधकांना ती अखंडता पटली नाही आणि मलाही ती पटत नाही. मधली कितीतरी शतके रिकामी आहेत. दोन वेगळ्या काळांतली माणसे आपापल्या वाटेने त्याच थरापाशी पोचली, हेच खरे असावे.

वर घडवणाऱ्यांची अवस्था खाणीतल्या माणसांपेक्षा वाईट होती. बंद खोलीत दिवसभर फ्लिंट फोडताना उडणारी धूळ म्हणजे शुद्ध सिलिका. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि पुन्हा निघत नाही. ब्रँडनचे कारागीर त्या रोगाने तरुणपणीच मरत. हा दगड कापतो तेव्हा फक्त बाहेरूनच कापत नाही. आपल्या शेजारी खंभातला अकीक घासणाऱ्या कामगारांना आजही हाच सिलिकोसिस होतो, म्हणून ब्रँडनची गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही.

युरोपातल्या इतर खाणींबद्दल थोडक्यात सांगतो. बेल्जियममधले स्पिएन हे मोन्स शहराजवळचे गाव. तिथल्या खाणी १०० हेक्टरांवर पसरल्या आहेत, विहिरी १६ मीटरपर्यंत खोल जातात आणि काम सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाले. युनेस्कोने २००० साली त्यांना जागतिक वारशात घेतले. पोलंडमधल्या क्शेमिओन्की इथे फ्लिंटला लाकडासारख्या करड्या-पांढऱ्या रेषा असतात. १९२२ मध्ये यान सामसोनोविच या भूवैज्ञानिकाला तिथल्या खाणी सापडल्या. आता चार हजारांवर विहिरी ठाऊक आहेत आणि २०१९ पासून तीही जागा जागतिक वारसा आहे. या रेषांच्या दगडाच्या कुऱ्हाडी शेकडो किलोमीटर दूर गेल्या. दुसऱ्या दगडाचीही कुऱ्हाड झाडाला तेवढीच लागली असती. म्हणजे त्या रेषा लोकांना आवडत होत्या, त्यांना मोल होते. पैठणीच्या पदरावरचा मोर वस्त्राची ऊब वाढवत नाही, तसेच.

फ्रान्समधल्या ल ग्रां-प्रेसिन्यीची कथा वेगळी आहे. तिथला फ्लिंट मधाच्या रंगाचा आणि त्याच्या लाद्या मोठ्या. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तिथल्या कारागिरांनी एकाच घावात ३० सेंटिमीटरहून लांब पाते सोडवायची विद्या साधली. त्यासाठी आधी दगडाचा गाभा होडीच्या आकारात घडवावा लागे. शेतकऱ्यांना नांगरताना हे वापरून टाकलेले गाभे सापडत. त्यांनी त्यांना नाव दिले ‘लोण्याचे शेर’, कारण बाजारात येणारा लोण्याचा लंबुळका गोळा तसाच दिसे. या पात्यांचे खंजीर स्वित्झर्लंडमध्ये आणि नेदरलँड्समध्ये मिळाले आहेत. रंगामुळे ते चटकन ओळखू येतात. सगळेच दगड इतके सोपे नसतात. मग आत अडकलेले सूक्ष्म जीवाश्म, सालीचा पोत आणि सूक्ष्म प्रमाणातली मूलद्रव्ये तपासून त्यांची जन्मभूमी ठरवतात.

अशाच तपासणीतून आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाची, ज्याला ओट्झी म्हणतात त्याची, एक हकीकत उलगडली. त्याच्याजवळच्या खंजिराचा आणि बाणांचा दगड दक्षिण आल्प्समधल्या निरनिराळ्या ठिकाणांचा होता. खंजीर पुन्हा पुन्हा धार लावून आखूड झाला होता. नवे हत्यार करता येईल असा चांगला दगड त्याच्याजवळ उरला नव्हता. मागे कोणी लागले असावे, दगडाच्या ठिकाणापर्यंत जायला सवड मिळाली नसावी. पाठीत बाण घुसून तो मेला तेव्हा त्याच्या सामानात झिजलेली हत्यारे होती.

आता आपल्या उपखंडाकडे येऊ. इथे खडूचे कडे नाहीत, पण सिंधमध्ये चुनखडकाच्या सपाट माथ्याच्या टेकड्या आहेत. सक्कर आणि रोहरी या गावांजवळून त्या दक्षिणेकडे जातात. सिंधू नदी त्यांच्या पायथ्याशी आहे. या चुनखडकात पिंगट-करड्या, कधी पट्ट्यांच्या, चर्टचे गोटे विपुल आहेत. अगदी आदिम काळापासून माणूस तिथे दगड घडवत आला. पण टेकड्यांना कारखान्याचे रूप आले ते सिंधू संस्कृतीच्या काळात, इ.स.पू. २६०० नंतर. ब्रिजेट ऑल्चिन यांनी १९७० च्या दशकात आणि पुढे पाओलो ब्याजी आणि खैरपूरच्या शाह अब्दुल लतीफ विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथे काम केले. कारागिराने दगड दूर सारून बसायला साफ केलेली जागा आणि तिच्याभोवती छिलक्यांचे ढीग जागोजागी जसेच्या तसे पडलेले होते.

इथल्या पात्यांची शिस्त पाहण्यासारखी आहे. आधी गोट्यावर आडवेतिडवे घाव घालून एक उभी कंगोऱ्यासारखी धार काढायची. पहिले पाते तिच्या आधाराने सुटते आणि मग त्याच्या मागून एकसारखी, समांतर कडांची पाती सुटत जातात. हा चर्ट नदीने आणि वाळवंटाच्या वाटांनी दूर दूर पोचला. गुजरातेत लोथलला, धोलावीरालाही रोहरीच्या दगडाची पाती मिळाली. संस्कृतीच्या वजनांसाठीही पट्ट्यांचा चर्टच आवडता होता: घासून गुळगुळीत केलेले घन, एकापुढे एक दुप्पट होत जाणारे, त्यातले नेहमीचे वजन १३.६ ग्रॅमच्या आसपास. इ.स.पू. १९०० नंतर शहरे उजाड झाली, वाटा तुटल्या आणि गुजरातच्या गावांत रोहरीचा दगड येईनासा झाला. लोक जवळच्या गारगोटीची लहान पाती करू लागले. एखाद्या उत्खननात चर्ट कमी होऊन गारगोटी वाढताना दिसली की मोठी बाजारपेठ कोलमडल्याची ती खूण असते.

आणि गारगोटी आली म्हणजे आपण घरी आलो. डेन्मार्कच्या स्टेव्हन्स क्लिंटमध्ये खडू जिथे संपतो ती वेळ आहे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची, डायनोसॉर संपले ती. त्याच सुमारास महाराष्ट्राच्या भूमीवर लाव्हाचे थरावर थर पसरत होते. त्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत सिलिकाचे पाणी झिरपून कॅल्सेडोनी, अकीक, जास्पर तयार झाले. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात अशा पोकळ्यांतली खनिजे मांडून ठेवली आहेत. काळा कातळ झिजून माती होतो, गारगोटी झिजत नाही. ती शेतात, ओढ्यात, नदीच्या वाळूत उरते. म्हणून दख्खनच्या माणसाला विहीर खणावी लागली नाही. मोठी कुऱ्हाड करायची तर त्याने कातळच घडवला. बारीक धारेसाठी पात्रातून गारगोटी वेचली. पण इथेही निवड होतीच. पात्रात शंभर खडे पायाखाली येतात तेव्हा त्यातला बिनभेगेचा, एकजीव, तळहातावर मावेल असा खडा क्वचितच एखादा असतो.

चाळीसगावजवळच्या पाटणे इथे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये केलेल्या उत्खननात जास्पर आणि कॅल्सेडोनीची नखाएवढी हत्यारे थरांवर थर मिळाली. त्याच्याही पुढचा टप्पा इनामगावचा. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत तिथे खोदले. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातले ते शेतकऱ्यांचे गाव. सातू पिकवणारे, गुरे पाळणारे. तांबे त्यांना माहीत होते, पण ते दुर्मीळ आणि महाग. रोजची कापणी, सोलणी, चिरणी होत होती ती कॅल्सेडोनीच्या पात्यांनी. आणि ही पाती सोडवायची रीत तीच होती, आधी कंगोऱ्याची धार, मग एकामागून एक समांतर पाती. दगड बदलला, हाताला असलेली ओळख बदलली नाही.

रोहरीच्या टेकड्यांचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. चुनखडक आजच्या उद्योगांनाही लागतो. यंत्रांनी टेकड्या कापल्या गेल्या आणि कारागिरांच्या बैठकी आणि छिलक्यांचे ढीग, जे चार हजार वर्षे कोणी हलवले नव्हते, त्यांतले पुष्कळसे खडी होऊन गेले. संशोधकांनी वारंवार लिहिले. तोवर बरेच संपले होते.

आपल्याकडे घोड, प्रवरा, गिरणा, तापी यांच्या काठच्या शेतांत अशी पाती अजूनही नांगराच्या तासाला वर येतात. दोन बोटांच्या चिमटीत मावणारे, दोन्ही कडा सरळ, मधे एक-दोन उभ्या रेघा असलेले दुधी किंवा करडे पाते दिसले तर ते आपोआप तुटलेले नव्हे, कोणाच्या तरी हाताने सोडवलेले आहे. ते खिशात घालून घरी आणू नका. जागेवरून उचललेले पाते म्हणजे नुसता खडा. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, किती संख्येने पडले होते हे हरवले की त्याची निम्मी गोष्ट गेली. जागेचा आणि पात्याचा फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा.